बेळगावात वारसा कर नाही, तरी सदुसष्ट लाखांचं देणं: हिंदवाडीतल्या एका घराचं प्रकरण

वारसा कराचा विषय निघाला की आपल्या भागात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, आपल्याकडे असला कर नाहीच, चिंता कसली? दुसरे म्हणतात, सरकार आज ना उद्या आणणारच, आत्ताच मोठी पॉलिसी काढून ठेवलेली बरी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या कराची चर्चा झाली आणि दुसऱ्या मताला जोर आला. दोन्ही मतं ऐकून मला काळजी वाटते. मिळकत कुठल्या देशात आहे, हा खरा प्रश्न दोन्हींत कुणी विचारतच नाही.

पुढे मांडलेलं प्रकरण एकाच घराचं नाही. परदेशात नोकरी करून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे परतलेल्या कुटुंबांत जे पेच येतात, ते एका घरात एकत्र आणून ते उभं केलं आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत आणि डॉलर सगळीकडे ९० रुपये धरला आहे. कायदे, दर आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

घर आणि मिळकत

गृहस्थ मूळचे येळ्ळूरचे. उद्यमबागेतल्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, काही वर्षं पुण्यात काढली, मग कंपनीनं कॅलिफोर्नियाला पाठवलं. दहा-अकरा वर्षं तिथं राहिले. वडील गेल्यावर आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून सगळं आवरून परत आले. हिंदवाडीत घर बांधलं, उद्यमबागेत शेड भाड्यानं घेऊन दोन सीएनसी मशिनं टाकली आणि फाउंड्र्यांचं जॉबवर्क सुरू केलं. धंदा बरा चालला होता. नोव्हेंबरात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका येऊन गेले. मागे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, पत्नी, पुण्यात नोकरीला लागलेली मुलगी आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

हिंदवाडीचं घर कर्जमुक्त. येळ्ळूरची भातशेती, तिचा उतारा अजून त्यांच्या वडिलांच्याच नावावर. शेडमधली मशिनं, आणि त्यांवर सहकारी बँकेचं २२ लाखांचं कर्ज; त्या कर्जाला पत्नीची सहकर्जदार म्हणून सही. बेळगावच्या बँकेत सहा लाख. अमेरिकेतल्या एका बँकेत विसरल्यासारखे पडलेले ८,००० डॉलर. आणि अमेरिकन ब्रोकरकडच्या खात्यात कंपनीनं पगारासोबत दिलेले शेअर्स, मृत्यूच्या दिवशी किंमत ३,००,००० डॉलर, म्हणजे २ कोटी ७० लाख रुपये.

हा शेवटचा आकडा घरात कुणालाच ठाऊक नव्हता. पत्नीला शेअर्स आहेत एवढं माहीत होतं, किती ते नाही. घर डोळ्यांना दिसतं, शेत दिसतं, मशिनं दिसतात. घरादाराच्या तोडीची मिळकत एका मोबाईलच्या ॲपमध्ये होती.

विमे दोन. २०१७ साली घेतलेला एक कोटीचा टर्म प्लॅन, विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे केलेला. आणि १९९८ सालची, लग्नाआधीची, एलआयसीची पाच लाखांची पॉलिसी, नॉमिनी आई.

देणं कुठून आलं

तेराव्यानंतर मुलीनं ब्रोकरला मृत्यूची बातमी कळवली. उत्तरात सांत्वनाच्या दोन ओळी होत्या आणि खाली कळवलं होतं की खातं गोठवलं आहे, अमेरिकेच्या करखात्याचा दाखला आल्याशिवाय एकही शेअर हलणार नाही. मुलीच्या मामांनी ते हसण्यावारी नेलं. "आपल्याला कुठला आलाय गं तिकडचा कर? तो तिथं राहणाऱ्यांना. आपण बेळगावात बसलोय की."

बहुतेकांना असंच वाटतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. अमेरिकेचा मृत्युकर वारसाकडे बघत नाही, तो मृत व्यक्तीच्या मिळकतीवर लागतो. मृत माणूस अमेरिकन नागरिक असेल, किंवा कायमचा तिथलाच झालेला असेल, तर त्याच्या जगभरच्या मिळकतीवर हा कर, पण सवलत प्रचंड: २०२६ पासून दीड कोटी डॉलरपर्यंत काहीच नाही. म्हणजे तिथंच कायमच्या झालेल्या आपल्या साध्या इंजिनिअरच्या घराला हा कर सहसा शिवतही नाही. पण माणूस अमेरिकन नागरिक नसेल आणि तिथला रहिवासीही नसेल, तर फक्त अमेरिकेत असलेल्या मिळकतीवर कर लागतो आणि सवलत असते फक्त ६०,००० डॉलरची. अमेरिकन कंपनीचे शेअर्स अमेरिकेतली मिळकत धरली जाते, मग ते बेळगावच्या घरात बसून घेतलेले असोत किंवा एखाद्या भारतीय ॲपमधून. म्हणजे आईसाठी घरी परतलेल्या या माणसाची सवलत परतल्यामुळेच दीड कोटीवरून साठ हजारावर आली. नियम तसा आहे आणि तो परतणाऱ्या प्रत्येकाला विमानाचं तिकीट काढतानाच कुणीतरी सांगायला हवा.

पत्नीला मिळालेल्या मिळकतीवर सूट नाही का? अमेरिकेत नवरा-बायकोमध्ये ती असते, पण साधारणपणे मागे राहिलेला जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच. ही बाई भारतीय. भारत-अमेरिका कर-करार आहे की, असंही कुणी म्हणेल. तो करार आयकरापुरता आहे. मृत्युकराबद्दल दोन देशांत करारच नाही.

आता हिशेब. तीन लाख डॉलरवर दरपत्रकाप्रमाणे कर येतो ८७,८०० डॉलर. साठ हजारांच्या सवलतीपोटी त्यातून १३,००० वजा. उरले ७४,८०० डॉलर, म्हणजे ६७ लाख ३२ हजार रुपये. चार भागांतला एक भाग गेला. बँकेतले आठ हजार डॉलर मात्र हिशेबात आले नाहीत, कारण परदेशी माणसाची तिथल्या बँकेतली साधी ठेव या करातून वगळलेली आहे. आणि या प्रकरणात महत्त्वाचं म्हणजे, अशा माणसाच्या स्वतःच्या आयुष्यावरचा विमाही अमेरिकेतली मिळकत समजला जात नाही, कंपनी अमेरिकन असली तरी. इथं तर पॉलिसी भारतातलीच होती.

कर्जाची, अंत्यसंस्कारांच्या खर्चाची वजावट मागता येते, पण त्यासाठी जगभरची सगळी मिळकत फॉर्ममध्ये दाखवावी लागते आणि वजावट प्रमाणात मिळते. बेळगावकडची मिळकतही ढोबळ मानानं पावणेतीन कोटींची, म्हणजे कर्जाचा निम्मा भाग वजा होऊन कर जेमतेम पावणेचार-चार लाखांनी कमी झाला असता. त्यासाठी वाटणी न झालेल्या येळ्ळूरच्या शेतातला त्यांचा हिस्सा किती आणि त्याची किंमत काय, हे कागदावर सिद्ध करावं लागलं असतं. कुटुंबानं तो नाद सोडला. मला तो निर्णय पटतो; मुदत चुकली असती तर व्याज-दंडात तेवढी रक्कम गेलीच असती.

नऊ महिने

फॉर्म ७०६-एनए, म्हणजे या कराचं विवरणपत्र, आणि कर, दोन्हींची मुदत मृत्यूपासून नऊ महिने. नोव्हेंबरात मृत्यू, म्हणजे ऑगस्ट. फॉर्मला सहा महिन्यांची मुदतवाढ मागता येते, पण न भरलेल्या करावर व्याज सुरू होतं. आणि खातं सोडवणारा दाखला फॉर्म तपासून, कर जमा झाल्यावरच निघतो, त्यालाही महिनोन्महिने लागतात. शेअर विकून कर भरू म्हणावं तर विकताच येत नाहीत. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही गत. मिळकत आहे, पण ज्या दिवशी रोकड लागते त्या दिवशी ती रोकड नाही.

या नऊ महिन्यांत बाकीचे मार्ग काय होते ते तपासून पाहिलं, कारण विम्याची खरी किंमत त्यातूनच कळते.

पहिलं बोट येळ्ळूरच्या शेतीकडे गेलं. चुलत्यांनी सांगितलं, एक तुकडा विकून टाकू. उतारा आजोबांच्या नावावर. आधी नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, वंशावळ, मग वारसा नोंद, मग वाटणी. गृहस्थांच्या दोन बहिणी, मुलांच्या आत्या. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वादही मिटला. म्हणजे आत्यांच्या सह्यांशिवाय व्यवहार नाही. आत्यांची अडवणूक नव्हती. मोठ्या आत्यांनी सरळ सांगितलं, "सही करते, पण दादाच्या अडचणीत माझा वाटा कितीला गेला ते मला कळू दे." त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण एवढं सगळं नऊ महिन्यांत बसत नाही. आणि घाईनं विकणाऱ्याला घेणारा लगेच ओळखतो. बासमतीची ती जमीन पडेल त्या किमतीला गेली असती.

हिंदवाडीच्या घरावर कर्ज? घर अजून मृत माणसाच्या नावावर, चार वारस, कमावती एकटी मुलगी. बँकेनं नाही म्हटलं नाही, पण आधी महापालिकेच्या नोंदीत नावं चढवून आणा म्हणाली. सोनं गहाण टाकून आणि सोसायटीतून उचलून वीस-पंचवीस लाख जमले असते, त्याचं व्याज वेगळं.

विम्याचे पैसे

टर्म प्लॅनचा क्लेम जानेवारीतच मिळाला. पॉलिसीला तीन वर्षं केव्हाच उलटून गेली होती. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर माहिती लपवली वगैरे कारणांवरून कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. चौकशीची गरज नसेल तर पंधरा दिवसांत मृत्यूचा दावा द्यावा, असा विमा नियामकाचा दंडक आहे. उशीर झाला तो कागदपत्रं पूर्ण होण्यात.

तो भाग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सीमाभागात तो प्रत्येक घरात येतो. मुलीनं जेवणाच्या टेबलावर फाईल उघडली तेव्हा वडिलांचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. पॉलिसीवर वडिलांचं नाव गायब. आधार कार्डावर आद्याक्षरं पुढे आणि आडनाव शेवटी. येळ्ळूरच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये आडनावाचं एक अक्षर वेगळं, आणि त्यावरून इंग्रजी केलं की भलतंच आडनाव. मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे तो तसाच चालला. वंशावळ मात्र कन्नडमध्येच, तिचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करावी लागली, आणि चारही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र. आधी विमा कंपनीला, मग अमेरिकेला, मग नाडकचेरीत, तेच प्रतिज्ञापत्र फिरत राहिलं. माणूस हयात असताना आधार कार्ड आणि पॉलिसी पासपोर्टप्रमाणे करून घेतली असती तर हा महिना वाचला असता. घरोघरी हे आजच करता येण्यासारखं काम आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

क्लेम येणार कळल्यावर सहकारी बँकेतून निरोप आला: आधी आमचे बावीस लाख मिटवा. इथं कायद्याची बारकाई नीट समजून घ्यायला हवी. १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली घेतलेली पॉलिसी पत्नी-मुलांसाठीचा न्यास (ट्रस्ट) ठरते. ती नवऱ्याच्या इस्टेटीत येत नाही आणि नवऱ्याचे सावकार तिला हात लावू शकत नाहीत. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं, नंतर सुचून उपयोग नाही. पण ही भिंत नवऱ्याच्या देण्यासमोर आहे. पत्नीनं स्वतः सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर तिच्या हातात आलेल्या पैशावर बँक तिची घेणेकरी म्हणून नजर ठेवणारच. आपल्याकडे धंद्याच्या कर्जाला बायकोची सही घेणं इतकं सर्रास आहे की ही भिंत किती घरांत अर्धीच बांधली जाते, याचा विचार व्हायला हवा. या घरानं बँकेला हप्ते चालू ठेवतो असं लिहून दिलं आणि विम्याची मुख्य रक्कम ऑगस्टच्या मुदतीसाठी राखली. बँकेनंही ते मानलं.

पैसे पाठवतानाही एक फाटा फुटला. एका माणसानं ६७ लाख ३२ हजार परदेशी पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते, म्हणजे ११ लाख ४६ हजार. ते बुडत नाहीत, आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. मृत्युपत्र नसल्यानं शेअर्सचे वारस हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चौघे: आई, पत्नी, मुलगी, मुलगा, समान वाटे. म्हणून चौघांनी आपापल्या वाट्याचे १८,७०० डॉलर आपापल्या खात्यातून पाठवले. दहा लाखांची मर्यादा चौघांना स्वतंत्र मिळाली आणि अडकलेली रक्कम साडेपाच लाखांच्या आत आली. आजींच्या खात्यात त्यासाठीचे पैसे नातवंडांनी भरले. जवळच्या नात्यातली भेट, तीवर कर नाही.

आजी नॉमिनी असलेल्या जुन्या एलआयसी पॉलिसीवरून या घरात वाद झाला नाही, पण होऊ शकला असता. लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं तसंच राहून जातं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई, पत्नी, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर पैसे त्याचेच, असा अर्थ बरेच जण लावतात. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठासमोर नेमका असाच खटला आला, लग्नाआधी आई नॉमिनी, मागे पत्नी आणि मूल. न्यायालयानं सांगितलं की वारसांनी हक्क सांगितला तर नॉमिनेशन उत्तराधिकार कायद्याच्या वर जात नाही. म्हणून हिंदवाडीच्या या घरात आजींनीच विषय संपवला: "मला म्हातारीला काय करायचेत पैसे? नातवाची फी भरा त्यातून."

विम्यानं काय केलं, काय केलं नाही

एक कोटीतून कर ६७ लाख ३२ हजार, टीसीएसमध्ये अडकलेले साधारण साडेपाच लाख, अमेरिकेतल्या कर-सल्लागाराची फी, भाषांतरं, कुरिअर, नोटरी मिळून तीनेक लाख. हातात उरले सुमारे चोवीस लाख.

करात विम्यानं एका रुपयाचीही बचत केली नाही. त्यानं वेळ मिळवून दिला. ऑगस्टच्या आत भरणा झाला, व्याज लागलं नाही, येळ्ळूरचा तुकडा विकावा लागला नाही, घरावर बोजा चढला नाही. जानेवारीत हातात रोकड असलेलं घर ऑगस्टच्या मुदतीला ठामपणे तोंड देतं. नसलेलं घर मे महिन्यापासून गिऱ्हाईक शोधत फिरतं आणि येईल तो भाव घेतं. विमा वारसांना कराच्या ओझ्यात मदत करतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर होय असं आहे, पण ते इतपतच.

आणि त्या होकाराला एक मोठी जखम आहे. ही पॉलिसी २०१७ मध्ये घेताना गृहस्थांच्या मनात काय होतं ते प्रस्तावाच्या फॉर्मवर दिसतं: मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, धंद्याचं कर्ज. कराचा विचार त्यात नव्हता. ज्या कामासाठी पॉलिसी होती त्याला चोवीस लाख उरले, आणि कर्जच बावीस लाखांचं. मुलाची फी आजींच्या पॉलिसीतून. शेअर्स सुटेपर्यंत पत्नी शेडवरचं एक मशीन विकून दुसरं चालवण्याच्या विचारात होत्या. विमा पुरला असं म्हणायचं तर ते कराला पुरला, घराला नाही. परदेशी शेअर्स असणाऱ्यानं आपल्या विम्याच्या आकड्यात हा कर वेगळा मिळवला पाहिजे: घराची गरज एक कोटी असेल तर पॉलिसी पावणेदोन कोटींची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही उठला आहे, आणि टर्म प्लॅनमध्ये वाढीव पाऊण कोटीचा हप्ता धडधाकट माणसाला जड जात नाही.

पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती मला विम्याहून जास्त महत्त्वाची वाटते. हा कर मुळात टाळता आला असता, कायद्यातून, एक पैसा न लपवता.

दहा-अकरा वर्षं बाहेर राहून परतलेल्याला भारताच्या आयकर कायद्यात पहिली दोन-तीन वर्षं 'रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या शेअर्सच्या विक्रीवरचा नफा भारतात करपात्र नसतो. आणि अमेरिका तर बाहेरच्या माणसाच्या शेअर्सच्या नफ्यावर कर घेतच नाही. म्हणजे परतल्यावर त्या दोन-तीन वर्षांत शेअर्स विकले असते तर दोन्हीकडे कर शून्य, आणि पैसे भारतातल्या म्युच्युअल फंडात. अमेरिकन बाजारातच राहायचं असेल तर अमेरिकेत गुंतवणारे भारतीय फंड आहेत, आयर्लंडमध्ये नोंदलेले फंड आहेत. ते अमेरिकेतली मिळकत धरले जात नाहीत. ती खिडकी गेल्यावरही मार्ग होता: परदेशी माणसानं शेअर्स भेट दिले तर अमेरिका भेटीवर कर लावत नाही, त्यामुळे पत्नीच्या नावे काही वळवता आले असते. तिच्या वाट्याला पुन्हा साठ हजारांची मर्यादा येतेच, पण एका माणसाच्या नावावरचा आकडा खाली येतो. जोडखातं हा मात्र उपाय नाही. पैसे कुणाचे हे सिद्ध करता आलं नाही तर आधी गेलेल्याचीच सगळी मिळकत धरतात.

शेअर्स न विकण्याचं कारण घरच्यांना माहीत होतं. वाढताहेत, राहू देत की, असं ते म्हणायचे. त्यात त्यांची चूक दाखवायचा हेतू नाही. वाढत होतेच.

भारतात हा कर कधीच नव्हता, असं मानणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा इथं एकतीस वर्षांहून अधिक काळ चालला. शेवटच्या टप्प्यात वीस लाखांच्या वरच्या भागावर दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. त्या कायद्यात ड्यूटी भरण्यासाठीच काढलेल्या पॉलिसीच्या रकमेला पन्नास हजारांपर्यंत सूट होती, म्हणजे वारसांच्या रोकडीची अडचण तेव्हाच्या कायद्यालाही ठाऊक होती. १५ मार्च १९८५ नंतरच्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही. आज भारतात वारसानं मिळालेल्या मिळकतीवर कर नाही. उद्या येईल म्हणून आज हप्ते भरण्यात मला अर्थ दिसत नाही. आला तर त्याचे दर आणि सवलती पाहून हिशेब करता येईल.

पुढे काय झालं

दाखला पुढच्या वर्षी आला आणि खातं मोकळं झालं. तेव्हा घरात मत होतं की आता घाई कशाला, शेअर्स राहू देत. इथं आजींचा वाटा आडवा आला. चौथाई म्हणजे ७५,००० डॉलर, साठ हजारांच्या वर. त्यांचं वय पाहता हा वाटा तसाच ठेवणं म्हणजे सगळा फेरा पुन्हा: खातं गोठणं, फॉर्म, नऊ महिने, दाखला. कर आला असता ३,९०० डॉलरच, पण कागदाचा व्याप तेवढाच. म्हणून आधी आजींचे शेअर्स विकले, नंतर बाकीच्यांचे.

विक्रीवर भारतात भांडवली नफ्याचा कर लागला. वारसाला मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत इथं मृत माणसाचीच धरतात, मृत्यूच्या दिवसाची नाही. गृहस्थांची खरेदी एक लाख डॉलरची, म्हणून दोन लाख डॉलरचा, १ कोटी ८० लाखांचा नफा. त्यावर साडेबारा टक्के, साडेबावीस लाख, वर उपकर. अमेरिकेला भरलेला ६७ लाखांचा मृत्युकर त्यातून वजा होत नाही, कारण तो आयकर नाही. एकाच मिळकतीवर दोन देशांचे दोन कर, आणि दोन्ही कायदेशीर. हा दुसरा कर विक्रीचे पैसे आल्यावर भरायचा असल्यानं कुणाची ओढाताण झाली नाही.

कर्ज फिटलं, दोन्ही मशिनं शेडवर आहेत. मुलीनं स्वतःच्या कंपनीकडून मिळणाऱ्या अमेरिकन शेअर्सचा तक्ता करून आईला दिला आहे. वर्षाच्या शेवटी आकडा साठ हजार डॉलरच्या जवळ गेला की वरचे विकायचे, असं त्यात लिहिलंय. येळ्ळूरच्या उताऱ्यावरची वारसा नोंद अजून व्हायची आहे. आत्या दोघीही नाडकचेरीत यायला तयार आहेत, तारीख मिळायची आहे.